अडलेली बाळंतीण आणि शिकलेला हात

तालुक्याच्या ठिकाणचे ग्रामीण रुग्णालय. पहाटेचे तीन वाजले आहेत. पहिलटकरीण आदल्या दुपारपासून कळा देत आहे. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडून दोन तास उलटले. बाळाचे डोके खाली उतरून एका जागी थांबले आहे. बाई थकून गेली आहे. कळा येतात, पण जोर पुरत नाही. आणि प्रत्येक कळेनंतर मंदावलेले बाळाच्या हृदयाचे ठोके पूर्ववत व्हायला अधिकाधिक वेळ लावू लागले आहेत. कामावर असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला एम.बी.बी.एस. होऊन वर्षही झालेले नाही. रुग्णालयाला भूलतज्ज्ञ नाही. जिल्हा रुग्णालय घाट उतरून दीड तासाच्या अंतरावर. कपाटात, निर्जंतुक केलेल्या पाकिटात, व्हॅक्यूमची वाटी आणि तिला जोडायचा हातपंप आहे. ती वाटी त्या रात्री कपाटाबाहेर येते की नाही, आणि आली तर कोणाच्या हातात येते, यावर दोन जीव अवलंबून असतात.

हे चित्र कोणा एका रुग्णालयाचे नव्हे. डोंगराळ तालुक्यांत काम केलेल्या कोणत्याही परिचारिकेला ते ओळखीचे वाटेल. अशा वेळी बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडते. कोणीतरी स्टुलावर चढून बाईच्या पोटावर दोन्ही हातांनी दाब देते. किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून अडलेल्या बाळंतिणीला रस्त्याला लावले जाते. किंवा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या गावी सिझेरियन होते. पहिली गोष्ट धोक्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या शिफारशींत पोटावर असा दाब देऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. दुसऱ्या गोष्टीत वेळ जातो, आणि बाळाला श्वास कमी पडत असताना वेळच तेवढी हाताशी नसते. तिसरी गोष्ट प्राण वाचवते. तथापि डोके खोल उतरल्यावर केलेले सिझेरियन हे आधी ठरवून केलेल्या सिझेरियनइतके सोपे नसते. अडकलेले डोके वर काढताना गर्भाशयाची चीर फाटण्याचा, अधिक रक्त जाण्याचा संभव असतो, आणि पुढच्या गरोदरपणावरही त्याची छाया पडते.

चौथा मार्ग व्हॅक्यूमचा. ज्यांच्या घरी ‘व्हॅक्यूम लावून’ बाळंतपण झाले आहे अशा वाचकांची संख्या थोडी नसेल. पण म्हणजे नेमके काय झाले हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. बाळाच्या डोक्यावर पाच-सहा सेंटिमीटर व्यासाची धातूची किंवा प्लास्टिकची वाटी बसवायची, पंपाने तिच्यातील हवा काढून घ्यायची, आणि वाटी चिकटली की आईची कळ आणि तिचा जोर यांच्या जोडीने हळुवार ताण देऊन बाळाला बाहेर येण्यास मदत करायची, एवढीच ही क्रिया. सांगायला दोन वाक्ये पुरतात. करायला मात्र असा हात लागतो, की जो शिकवावा लागतो. आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने साधन विकत घेतले, हात घडवण्याचे मात्र राहून गेले, हे या विषयाचे खरे दुखणे आहे.

गुप्त पेटी

प्रसूतीच्या साधनांचा इतिहास हा एका अर्थाने ज्ञानाच्या मक्तेदारीचा इतिहास आहे. प्रसूतीचा चिमटा, म्हणजे फोर्सेप्स, सतराव्या शतकात इंग्लंडमधील चेंबरलेन या कुटुंबाच्या हाती आला आणि या कुटुंबाने तो शंभर वर्षांहून अधिक काळ गुपित म्हणून सांभाळला. मोठ्या पेटीतून साधन न्यायचे, खोलीत इतरांना थांबू द्यायचे नाही, असा त्यांचा रिवाज असल्याचे सांगतात. १६७० साली ह्यू चेंबरलेनने हे गुपित विकण्यासाठी पॅरिस गाठले. तेथील प्रख्यात प्रसूतितज्ज्ञ मोरिसो यांनी त्याच्यापुढे एक अत्यंत अवघड बाळंतीण ठेवली. त्याला यश आले नाही आणि ती बाई दगावली. चेंबरलेनांचे मूळ चिमटे १८१३ साली एसेक्समधील त्यांच्या जुन्या घरात सापडले. दरम्यानच्या काळात त्या एका गुपितापायी किती माता आणि किती अर्भके गेली असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, आणि मांडता येणारही नाही.

हवेच्या दाबाचा उपयोग करण्याची कल्पनाही जुनीच. क्लोरोफॉर्मचा प्रसूतीत वापर करणारे एडिंबरोचे जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४९ साली एक शोषक साधन तयार केले होते. पण ते रूढ झाले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर, १९५० च्या दशकात, स्वीडनमधील टागे माल्मस्ट्रोम यांनी धातूची वाटी तयार केली, तेव्हापासून व्हॅक्यूमचा खरा प्रसार झाला. पुढे मऊ वाट्या आल्या, पंप आणि वाटी एकाच हातात मावेल अशी साधने आली. अर्जेंटिनातील होर्हे ओदोन नावाच्या मोटार-मेकॅनिकला बाटलीत पडलेले बूच प्लास्टिकच्या पिशवीने बाहेर काढण्याची युक्ती पाहून २००६ साली एका वेगळ्याच साधनाची कल्पना सुचली, ही हकिगत तर मोठी चटकदार आहे. पण आज अडचण साधनाच्या शोधाची नाही. चेंबरलेनांची पेटी केव्हाच उघडली. ती ज्याने वापरायची तो हात तयार करण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न उरला आहे.

तीन सेंटिमीटरांचा प्रश्न

व्हॅक्यूम म्हणजे ओढून काढणे, हा समज सर्वसामान्यांचा तर आहेच; काही डॉक्टरांचाही असतो. तो मुळात चुकीचा आहे. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली असेल तर डोक्याचा जो व्यास आईच्या कटिरातून जायचा असतो तो सुमारे साडेनऊ सेंटिमीटर असतो. तेच डोके सरळ राहिले तर हा व्यास साडेअकरा सेंटिमीटरांपर्यंत जातो. हाडांच्या मार्गात दोन सेंटिमीटर म्हणजे केवढे अंतर, हे सांगायला नको. म्हणून वाटीचे पहिले काम ओढण्याचे नसून डोके वाकवण्याचे आहे. आणि ते ती कोठे बसते यावर ठरते.

ती जागा निश्चित आहे. बाळाच्या डोक्याला मागे लहान टाळू असते आणि पुढे मोठी टाळू. या दोहोंना जोडणाऱ्या सांधरेषेवर, मागच्या लहान टाळूच्या सुमारे तीन सेंटिमीटर पुढे जो बिंदू येतो, त्यावर वाटीचा मध्य आला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील आल्डो वाका या प्रसूतितज्ज्ञांनी आपल्या अध्यापनात या बिंदूवर सर्वाधिक भर दिला. वाटी त्यावर बसली की ताण देताच हनुवटी छातीकडे झुकते, डोके आपोआप वळते, आणि जे काम बळाचे वाटत होते ते दिशेचे ठरते. वाटी पुढे, मोठ्या टाळूकडे सरकली, तर प्रत्येक ताणाबरोबर डोके अधिक सरळ होत जाते आणि ओढणारा आपल्याच विरुद्ध ओढत राहतो. बाजूला सरकली तर डोके तिरके होते. अयशस्वी व्हॅक्यूमच्या मागे अनेकदा हेच कारण असते. आणि ते वाटीच्या किमतीत नव्हे, बोटांच्या ज्ञानात असते. डोक्यावर सूज आलेली असताना, रक्त-पाण्यात, न पाहता, केवळ तर्जनीच्या टोकाने दोन टाळूंमधला फरक ओळखणे ही विद्या पुस्तक वाचून येत नाही.

त्याआधी काही गोष्टींची खात्री करायची असते. गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडलेले हवे, पाणमोट फुटलेली हवी, मूत्राशय रिकामे केलेले हवे. पोटावरून चाचपले असता डोक्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी भागच वर लागावा. याचा अर्थ डोके खरोखरच उतरलेले आहे. चौतीस आठवड्यांपूर्वीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, पायाळू बाळाला किंवा तोंडाने येणाऱ्या बाळाला व्हॅक्यूम लावायचा नसतो. आईला काय करणार आहोत हे सांगून तिची संमती घ्यायची असते. ही गोष्ट आपल्याकडे सर्वांत आधी गाळली जाते. संमती बाहेर बसलेल्या नवऱ्याची किंवा सासूबाईंची घेतली जाते आणि जिच्या शरीराचा प्रश्न असतो ती ऐकत पडलेली असते. वास्तविक तिच्या जोराविना वाटी काहीच करू शकत नाही.

वाटी बसली की दाब थोडा वाढवून थांबायचे, कडेभोवती बोट फिरवून आईच्या अंगाचा भाग आत अडकला नाही ना हे पाहायचे, मगच दाब पुरा करायचा. पुरा म्हणजे पाऱ्याच्या ५०० ते ६०० मिलिमीटरांइतका, चौरस सेंटिमीटरला सुमारे आठशे ग्रॅम. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे एक सोपा हिशेब करता येईल. पाच सेंटिमीटर व्यासाच्या वाटीचे क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरांच्या आसपास येते. म्हणजे ती वाटी फार तर पंधरा-सोळा किलोंचा ताण सहन करील, त्यापुढे निसटेल. काहीजण या निसटण्याला सुरक्षेची झडप समजतात. ही समजूत घातक आहे. वाटी निसटणे हे बहुधा जागा चुकल्याचे किंवा दिशा चुकल्याचे लक्षण असते, आणि त्या क्षणी बाळाच्या टाळूवर एकदम आघात होतो.

ताण फक्त कळ असताना, आणि कळ ओसरताच सोडायचा. दिशा आधी खाली, मग समोर, आणि डोके दिसू लागले की वर, म्हणजे कटिराच्या नैसर्गिक वळणाप्रमाणे. हिसका नाही, वाटी डावी-उजवी हलवणे नाही, डोके फिरवण्यासाठी वाटी पिळणे तर मुळीच नाही. दुसरा हात रिकामा ठेवायचा नसतो: अंगठा वाटीवर आणि बोट बाळाच्या डोक्यावर. डोके खरोखर पुढे येत आहे की नुसती कातडी ताणली जात आहे, हे ते बोट सांगते.

थांबायचे केव्हा?

या विद्येचा सर्वांत महत्त्वाचा भाग ओढण्याचा नसून सोडून देण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत व्हॅक्यूमचा प्रत्येक उपयोग हा केवळ एक प्रयत्न मानावा असा दंडक आहे. प्रत्येक ताणाबरोबर डोके पुढे सरकले पाहिजे. तीन ताणांत ते सरकले नाही, किंवा योग्य दिशेने ताण देऊनही वाटी दोनदा निसटली, किंवा अर्धा तास होऊन गेला, तर प्रयत्न संपला. कित्येक तज्ज्ञ वीस मिनिटांचीच मर्यादा घालतात. व्हॅक्यूम फसल्यावर चिमटा लावून पाहणे, हा मोह तर विशेष धोक्याचा. दोन साधनांचा आघात एकाच डोक्यावर होतो.

ही कडक मर्यादा कशासाठी? व्हॅक्यूमनंतर बाळाच्या डोक्यावर वाटीच्या आकाराचा फुगवटा राहतो. फ्रेंच भाषेत त्याला आंबाड्याचेच नाव दिलेले आहे. तो दिसायला भयंकर असला तरी एक-दोन दिवसांत उतरतो, आणि घरच्यांना हे आधी सांगून ठेवले तर निष्कारण घबराट होत नाही. परंतु याच्यासारखीच दिसणारी दुसरी एक गोष्ट आहे. टाळूच्या कातडीखालच्या जाड पडद्याच्या आणि कवटीच्या मध्ये कपाळापासून मानेपर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पसरलेली एक पोकळी असते. तेथील शिरा फाटल्या तर रक्त साठू लागते, आणि ते अडवायला कोणतीही भिंत नसते. तीन किलोंच्या बाळाच्या अंगात रक्त असते ते अवघे अडीचशे मिलिलिटर, चहाच्या दोन कपांइतके. त्यातील फार मोठा भाग या पोकळीत मावू शकतो. सांधरेषा ओलांडून पसरणारी, दाबली असता लिबलिबीत लागणारी सूज, फिकुटलेले बाळ, वाढलेली नाडी, ही लक्षणे पहिल्या काही तासांत ओळखली तर बाळ वाचवता येते. ‘व्हॅक्यूमचीच सूज आहे, उतरेल’ असे म्हणून पाळण्यात ठेवले तर गमावले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे १९९८ मध्ये यासंबंधी जाहीर इशारा दिला. मागील चार वर्षांत व्हॅक्यूम वापरलेल्या नवजात बालकांपैकी बारा मृत्यूंच्या आणि नऊ गंभीर इजांच्या नोंदी आपल्याकडे आल्याचे त्यात म्हटले होते. साधनावर बंदी मात्र घातली नाही. वापरणारा प्रशिक्षित असावा आणि बाळाची देखरेख करणाऱ्यांना व्हॅक्यूम लावल्याचे कळवावे, असे सांगितले. या दोन्ही सूचनांना पैसा जवळजवळ लागत नाही.

आईच्या बाजूनेही काही कमी-अधिक आहेच. चिमट्याच्या तुलनेत व्हॅक्यूमने आईला इजा कमी होते; उलट तो फसण्याचे प्रमाण आणि बाळाच्या डोक्यावर रक्ताची गाठ येण्याचे प्रमाण अधिक असते. ब्रिटनमधील सत्तावीस रुग्णालयांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा प्रसूतीनंतर प्रतिजैविकाचा एकच डोस दिला असता जंतुसंसर्गाचे प्रमाण एकोणीस टक्क्यांवरून अकरा टक्क्यांवर आल्याचे आढळले.

हिशेब कोणाचा?

येथपर्यंतचा विषय वैद्यकाचा झाला. पण सुरक्षित पद्धत माहीत असूनही ती कपाटात का राहते, याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसले. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. महाराष्ट्राचा एकूण आकडा २५.४ टक्के होता. लोकसंख्येच्या पातळीवर दहा टक्क्यांपलीकडे सिझेरियन वाढल्याने माता-बालकांचे मृत्यू घटत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले होते. या आकड्यांवर अग्रलेख लिहिले गेले, डॉक्टरांच्या लोभावर टीकाही झाली. मात्र त्याच पाहणीच्या तथ्यपत्रकात व्हॅक्यूमने किंवा चिमट्याने किती प्रसूती झाल्या हा रकानाच नाही, हे कोणाच्या लक्षात आले नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा सरकारी कारभाराचा जुना अनुभव आहे.

सगळा दोष लोभावर ढकलणे सोपे आहे. ते पुरेसे नाही. सिझेरियनला पाऊण-एक तास लागतो, त्याची वेळ ठरवता येते, त्याचे शुल्क अधिक असते. व्हॅक्यूमसाठी रात्रभर बाईच्या उशाशी थांबावे लागते, आणि शेवटी तो लागेलच असे नाही. त्यात कायद्याची भर पडली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्णाच्या दृष्टीने तो निर्णय मोलाचा होता यात शंका नाही. पण बाळाला इजा झाली तर ‘सिझेरियन का केले नाही’ असे विचारले जाते. ‘का केले’ असे सहसा कोणी विचारत नाही. अशा स्थितीत शहाणा माणूस जे करील तेच डॉक्टर करतात.

याहून मोठे कारण शिकवण्याच्या खर्चात आहे. तरुण डॉक्टरला हे कौशल्य द्यायचे तर ज्येष्ठाने रात्री-बेरात्री त्याच्या शेजारी उभे राहिले पाहिजे. हा वेळ ज्या रुग्णालयाचा खर्च होतो, त्याला त्याचा मोबदला मिळत नाही. शिकलेला डॉक्टर दोन वर्षांत दुसऱ्या गावी जातो आणि लाभ तेथील बाळंतिणींना होतो. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात. ज्या वस्तूचा खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, ती बाजारात पुरेशी निर्माण होत नाही. ती समाजाने, म्हणजे सरकारने, निर्माण करायची असते. येथे एक दुष्टचक्रही आहे. व्हॅक्यूम कमी झाला की निवासी डॉक्टरांना तो पाहायला मिळत नाही. पाहिला नाही म्हणून ते लावत नाहीत. आणि ज्यांचे हात तयार आहेत ती पिढी निवृत्त होत जाते. अमेरिकेत १९९० साली साधनाच्या साहाय्याने होणाऱ्या प्रसूती सुमारे नऊ टक्के होत्या; पुढच्या पंचवीस वर्षांत ते प्रमाण तीन टक्क्यांवर आले. ब्रिटनमध्ये आजही ते दहा ते पंधरा टक्के आहे. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हींकडे तज्ज्ञांची वाण नाही. फरक परंपरेचा आणि शिक्षणाचा आहे.

कागदावर आपल्याकडेही उणीव नाही. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत चोवीस तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडून, गरज पडल्यास, व्हॅक्यूम किंवा चिमट्याने प्रसूती करण्याची अपेक्षा व्यक्त केलेली आहे. प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठी २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम सुरू झाला, कौशल्य-प्रयोगशाळाही निघाल्या. परंतु मानकांत लिहिलेली अपेक्षा आणि पहाटे तीन वाजता हाताला असलेला आत्मविश्वास यांत अंतर पडते, ते भरून कसे काढायचे, हे कोणी सांगत नाही.

युगांडाची राजधानी कंपाला येथील मुलागो या राष्ट्रीय रुग्णालयाचा अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. आपल्या कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाइतकीच गर्दी असलेल्या या ठिकाणी व्हॅक्यूम जवळजवळ विसरला गेला होता. २०१२ च्या सुमारास तेथे साधने पुरवून आणि डॉक्टरांना पुन्हा प्रशिक्षण देऊन एक कार्यक्रम राबवण्यात आला. व्हॅक्यूमचे प्रमाण ०.६ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर गेले. आकडा लहान दिसतो. पण ज्या रुग्णालयात वर्षाला तीस हजारांच्या घरात बाळंतपणे होतात, तेथे तो काही शेकडा बायकांचा आकडा असतो.

याची दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. सिझेरियन कमी ठेवणे हाच अभिमानाचा विषय झाला की काय होते, हे इंग्लंडमधील श्रुझबरी आणि टेलफर्ड येथील रुग्णालयांच्या चौकशीत दिसून आले. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्याने माता-बालकांची झालेली हानी नोंदलेली आहे. तेव्हा व्हॅक्यूमचे ‘उद्दिष्ट’ ठरवून जिल्ह्याजिल्ह्याला वाटून देणे, जसे एकेकाळी कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे झाले, हा मार्ग नव्हे. जेथे व्हॅक्यूम फसल्यास पुढे जाण्याची वाट ठरलेली नाही, म्हणजे रुग्णवाहिका दारात आणि वरच्या रुग्णालयाला निरोप गेलेला नाही, तेथे वाटी हातात घेऊच नये.

मग करायचे काय? महाराष्ट्रात एम.बी.बी.एस. झालेल्या डॉक्टरांना वर्षभराची बंधपत्रित सेवा करावी लागते आणि त्यांतील अनेकजण ग्रामीण भागात जातात. या नेमणुकीपूर्वी प्रत्येकाने कटिराच्या प्रतिकृतीवर आणि बाहुलीवर टाळू ओळखणे, तीन सेंटिमीटरांचा बिंदू शोधणे आणि वाटी बसवणे हे दहा-वीस वेळा करून, परीक्षकापुढे करून दाखवावे. यासाठी लागते ती एक प्रतिकृती, एक जुनी वाटी आणि शिकवणाऱ्याचे काही दिवस. त्यानंतर प्रत्यक्ष प्रसूतिकक्षातील पहिले काही प्रयोग ज्येष्ठांच्या देखरेखीखालीच झाले पाहिजेत. त्या ज्येष्ठांना या रात्रींचा वेगळा मोबदला द्यावा. निवृत्त झालेल्या, हात चांगला असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना मानधन देऊन महिन्यातून काही दिवस जिल्हा रुग्णालयात बोलावावे. तालुक्याच्या रुग्णालयात महिन्याला एक दुपार सर्वांनी मिळून सराव करावा, आणि त्यात परिचारिकांना नुसते उभे करू नये. घड्याळ आणि ताणांची मोजणी परिचारिकेकडे असावी. ‘डॉक्टर, तीन वेळा झाले’ हे शब्द मोठ्याने उच्चारण्याचा अधिकार तिला लेखी दिलेला असावा. आपल्या रुग्णालयांतील मानापमान ज्यांना माहीत आहेत त्यांना हा अधिकार किरकोळ वाटणार नाही.

आणि प्रत्येक प्रसूतिकक्षात एक साधी नोंदवही असावी. वाटी केव्हा लावली, डोके किती खाली होते, वाटीचा मध्य कोठे आला, किती ताण दिले, किती वेळा निसटली, बाळाचे डोके दोन, आठ आणि चोवीस तासांनी कसे होते, हे रकाने तीत असावेत. शेवटचा रकाना ‘प्रयत्न सोडला: वेळ व कारण’ असा असावा. वर्षाअखेरीस जिल्हा शल्यचिकित्सकांनी या वह्या मागवल्या, तर ज्या वहीत बरेच प्रयोग आहेत पण या शेवटच्या रकान्यात एकही नोंद नाही, त्या रुग्णालयाला त्यांनी सर्वांत आधी भेट द्यावी.